अमिनो ॲसिड सप्लिमेंट घेतल्याने स्नायू वाढतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजन उचलायला लागून महिना-दोन महिने झाले की बीसीएए, ईएए ही अमिनो ॲसिडच्या डब्यांची नावं कानावर पडू लागतात. कोणी सांगतं, त्याशिवाय बॉडी भरत नाही. कोणी सांगतं, किडनी जाते. या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. अमिनो ॲसिड आणि प्रोटीन वेगळं असतं का?

प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची लांब साखळी. आपल्या शरीरातली प्रोटीन २० प्रकारच्या अमिनो ॲसिडपासून बनतात. त्यातली ११ शरीर स्वतः तयार करतं. उरलेली ९ अन्नातूनच यावी लागतात: हिस्टिडिन, आयसोल्युसिन, ल्युसिन, लायसिन, मेथिओनिन, फिनाइलअलानिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलिन. या नऊंना आवश्यक अमिनो ॲसिड किंवा ईएए म्हणतात. त्यापैकी ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन म्हणजे बीसीएए. अंडं खा, डाळ खा किंवा मटण खा, पोटात आणि आतड्यात साखळ्या तुटतात आणि हीच अमिनो ॲसिड रक्तात उतरतात. डब्यात मिळतात ती आधीच सुटी केलेली, एवढाच फरक.

२. सरळ सांगा, बीसीएए घेतल्याने स्नायू वाढतात का?

दिवसभरात पुरेसं प्रोटीन पोटात जात असेल, तर नाही. पुरेसं जात नसेल, तरी बीसीएए हा त्यावरचा उपाय नाही.

कारण असं. ल्युसिन पेशीतल्या एमटॉर नावाच्या यंत्रणेला चालना देतं आणि स्नायूत नवं प्रोटीन बनायला सुरुवात होते. हे खरं आहे, आणि जाहिराती याच एका सत्यावर उभ्या असतात. पण ल्युसिन म्हणजे बांधकामावरचा मुकादम. तो कामाला लागा म्हणतो, पण विटाच आल्या नसतील तर भिंत कशी चढणार? स्नायूचं प्रोटीन बनवायला नऊही आवश्यक अमिनो ॲसिड एकाच वेळी हाताशी लागतात. बाहेरून फक्त तीन दिली, तर उरलेली सहा शरीर स्वतःचंच प्रोटीन मोडून आणतं. इकडचं काढून तिकडे लावल्याने एकूण साठा वाढत नाही.

३. मग बीसीएएने २२ टक्के वाढ दाखवणारा जो अभ्यास सांगतात, तो खोटा आहे का?

खोटा नाही, पण अर्धाच सांगितला जातो. हा अभ्यास २०१७ चा आहे. वजनाचा व्यायाम करणाऱ्या १० तरुणांना पायांच्या व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएए दिलं आणि पुढचे चार तास स्नायूतल्या प्रोटीननिर्मितीचा वेग मोजला. नुसतं गोड पाणी घेतल्यावर जो वेग होता, त्यापेक्षा तो २२ टक्क्यांनी जास्त भरला.

इथे तीन गोष्टी बघायला हव्यात. तुलना पाण्याशी आहे, दूध किंवा अंड्याशी नाही. मोजला तो चार तासांचा वेग, तीन महिन्यांनी वाढलेला दंड नाही. आणि तेवढंच बीसीएए असलेल्या व्हे प्रोटीनने (दुधापासून काढलेल्या प्रोटीनच्या पावडरने) आधीच्या प्रयोगांत जो परिणाम दिला होता, त्याच्या हा साधारण निम्मा होता, असं संशोधकांनीच नमूद केलं आहे. म्हणजे तीच तीन अमिनो ॲसिड बाकीच्या सहांसोबत गेली की दुप्पट काम करतात. माझ्या मते हा अभ्यास बीसीएएच्या बाजूने नाहीच, पूर्ण प्रोटीनच्या बाजूने आहे.

त्याच वर्षी अमेरिकन संशोधक रॉबर्ट वुल्फ यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. नुसतं बीसीएए शिरेतून देऊन माणसांवर केलेले जे प्रयोग त्यांना सापडले, त्यांत प्रोटीननिर्मिती वाढण्याऐवजी घटली होती.

४. ईएएमध्ये तर नऊही असतात. ते तरी घ्यावं का?

बीसीएएपेक्षा ईएए नक्कीच बरं. सहा ग्रॅमच्या आसपास ईएएनेही व्यायामानंतर प्रोटीननिर्मिती वाढते, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पण तीच नऊ अमिनो ॲसिड व्हेच्या एका स्कूपमध्ये असतात: साधारण २५ ग्रॅम प्रोटीन, त्यात ईएए ११-१२ ग्रॅम आणि ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास. अर्धा लिटर दूध आणि दोन-तीन अंड्यांतूनही ल्युसिन तेवढं किंवा थोडं जास्तच मिळतं. त्यामुळे निरोगी तरुणाला ईएए घ्यायचं वेगळं कारण मला दिसत नाही. ज्यांना जास्त खाणं जमतच नाही, त्यांची गोष्ट वेगळी (प्रश्न १२ पाहा).

५. मग रोज प्रोटीन लागतं तरी किती?

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम हा आकडा दिला. ६० किलोच्या माणसाला तो ५० ग्रॅमच्या आसपास येतो. हा सर्वसाधारण प्रौढाचा आकडा आहे, वजन उचलणाऱ्याचा नाही.

वजनाच्या व्यायामाबद्दलचा सर्वात उपयोगी आकडा २०१८ मध्ये आला. ४९ अभ्यास आणि १८६३ लोकांची माहिती एकत्र केल्यावर दिसलं की दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅमपर्यंत प्रोटीन वाढवल्याचा फायदा होतो, त्यापुढे स्नायूत फारशी भर पडत नाही. आणि जो फायदा झाला तोही किती, तर सप्लिमेंट घेणाऱ्यांत न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ०.३ किलो जास्त. पूर्ण प्रोटीनची ही गत असेल, तर सुट्या तीन अमिनो ॲसिडकडून काय अपेक्षा ठेवायची ते तुम्हीच ठरवा. स्नायू वाढतात ते मुख्यतः वजन हळूहळू वाढवत नेणाऱ्या व्यायामाने.

६. मी पुण्यात मेसचा डबा खातो, अंडी चालतात. वजन ६५ किलो. माझं काय?

असे कितीतरी जण आहेत, म्हणून हिशेब मांडूनच दाखवते. ६५ किलोला १.६ ने गुणलं की १०४ ग्रॅम.

सकाळी पोहे आणि चहा, फार तर ८ ग्रॅम. दुपारच्या डब्यात चार पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ वरण आणि भात, सगळं मिळून साधारण २०. रात्री तेच, म्हणजे आणखी २०. एकूण ४८. अर्धंही भरत नाही. मेसचं वरण बहुधा पाण्यासारखं असतं, तेव्हा हाही आकडा उदारपणे धरला आहे.

आता याला ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स जोडा, २६ ग्रॅम. तीन अंडी, १८. अर्धा लिटर दूध, १६. झाले १०८. चंक्स खोलीवर इलेक्ट्रिक किटलीत भिजतात, अंडी तिथेच उकडतात. हाच मुलगा पोहे आणि पातळ वरणावर राहून दर महिन्याला बीसीएएचा डबा आणतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण तेवढ्याच पैशांत त्याची महिनाभराची अंडी आणि दूध येतं.

७. मी शुद्ध शाकाहारी आहे. डाळींत सगळी अमिनो ॲसिड नसतात, म्हणून मला तरी बीसीएए लागेल ना?

नऊही असतात, पण काही कमी पडतात. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी यांत लायसिन कमी. डाळी-कडधान्यांत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. वरण-भात, पिठलं-भाकरी, उसळ-पोळी एकत्र आली की दोन्ही उणिवा भरून निघतात. एकाच घासात मिसळायला हवं असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं तरी चालतं.

यातलं ज्वारीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. ज्वारीच्या प्रोटीनमध्ये ल्युसिन तेरा टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे व्हेपेक्षाही जास्त, पण लायसिन फक्त दोनेक टक्के. म्हणून नुसत्या भाकरीवर स्नायू भरत नाहीत. ल्युसिनची रेलचेल आहे, पण सोबतची मंडळी कमी आहेत. दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा त्वचेवर चट्टे आणणारा आजार दिसायचा. हैदराबादचे पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध याच जादा ल्युसिनशी जोडला होता. पुढे त्या मांडणीवर बराच वाद झाला, पण एकच अमिनो ॲसिड बेसुमार वाढवावं की नाही, हा प्रश्न जिमच्या कितीतरी आधी आपल्या भाकरीवरून विचारला गेला आहे.

म्हणजे तुमची खरी अडचण बीसीएएची नाही, एकूण प्रमाणाची आहे. वाटीभर घट्ट वरणात साधारण ३० ग्रॅम तूरडाळ जाते. त्यातून मिळतं साडेसहा ग्रॅम प्रोटीन आणि जेमतेम अर्धा ग्रॅम ल्युसिन. १०० ग्रॅम पनीर १८ ग्रॅम प्रोटीन देतं, ५० ग्रॅम फुटाणे दहाच्या आसपास, ५० ग्रॅम शेंगदाणे बारा. दूध, दही आणि सोया यांवर भर दिला, तर शाकाहारी माणसालाही १.६ गाठता येतं. दूधही न घेणाऱ्यांनी सोया आणि डाळींचं प्रमाण आणखी वाढवावं, किंवा वाटाणा आणि तांदळाचं मिश्र प्रोटीन घ्यावं.

८. तालमीतले पैलवान कधी डबे घेत नव्हते. दूध-बदामावर त्यांचं शरीर कसं झालं?

रोजच्या जोर-बैठका, तासन्‌तास कुस्ती आणि भरपूर खुराक, यांवर. खुराकात नाव थंडाईतल्या बदामाचं होतं, पण प्रोटीनचं खरं काम दूध करायचं. वीस बदामांत पाचेक ग्रॅम प्रोटीन असतं, तर लिटरभर म्हशीच्या दुधात ३५ ते ४० ग्रॅम, आणि तेही नऊही अमिनो ॲसिडसकट. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध उभ्या उभ्या पिणारा पैलवान पूर्ण प्रोटीनच घेत असतो. फक्त तो खुराक त्या मेहनतीसाठी आहे. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी पाऊण तास जिम करणाऱ्याने तो उचलला, तर पोट सुटेल.

९. कधी घ्यायचं? व्यायामाआधी, मध्ये की नंतर? सकाळी उपाशीपोटी जिम केली तर स्नायू झिजतात का?

व्यायामानंतर अर्ध्या तासात काही घेतलं नाही तर मेहनत वाया गेली, हा समज चुकीचा आहे. वजनाच्या व्यायामानंतर स्नायू निदान दिवसभर तरी प्रोटीन जास्त चांगलं वापरतो. दिवसाचं प्रोटीन तीन-चार खाण्यांत विभागलं, प्रत्येक वेळी २० ते ३० ग्रॅम, की पुरे.

सकाळी सहाला जिम आणि आठला नाश्ता असेल, तर मध्ये काही घ्यायची गरज नाही. रिकाम्या पोटी चक्कर येत असेल, तर एक केळं आणि कपभर दूध घेऊन निघा. बाटलीत रंगीत पाणी घेऊन दर सेटनंतर घोट घेणारे दिसतात. त्यांना बरं वाटतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे.

१०. एकादशीला किंवा नवरात्रात बीसीएए चालेल का?

चालेल की नाही हे तुमच्या घरच्या नियमावर आहे. पूर्वी ही अमिनो ॲसिड पिसं-केसांपासूनही काढत, आता बरीच किण्वनाने वनस्पतिजन्य कच्च्या मालापासून होतात, तेव्हा डब्यावर शाकाहाराचं हिरवं चिन्ह बघा. वजन कमी करण्यासाठी सोळा तासांचा उपास करत असाल, तर बीसीएएने तो मोडतो. डब्यावर शून्य कॅलरी लिहिलेलं असलं, तरी अमिनो ॲसिडलाही ग्रॅममागे साधारण चार कॅलरी असतात.

उपवासाच्या दिवशी स्नायूंची खरी अडचण साबुदाण्याची आहे, त्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच. खिचडीत दाण्याचं कूट सढळ घाला, सोबत वाटीभर दही घ्या, रात्री राजगिरा आणि दूध. नऊ दिवस व्यायाम चालू ठेवायचा असेल, तर वजन थोडं कमी करून सेट कमी मारा.

११. लेग डेनंतर दोन दिवस जिना उतरता येत नाही. बीसीएएने दुखणं कमी होतं असं म्हणतात.

थोडं होतं. व्यायामाच्या आधीपासून काही दिवस बीसीएए घेतल्यावर दुखणं किंचित कमी जाणवल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण ताकद लवकर परत येते असं सातत्याने दिसत नाही, आणि पुरेसं प्रोटीन खाणाऱ्याला वेगळा फायदा क्वचितच होतो. नव्याने सुरू करताना पहिल्याच दिवशी पाच प्रकारच्या बैठका मारू नका. दोन-तीन आठवड्यांत दुखणं आपोआप उतरतं.

लघवी चहासारखी गडद झाली आणि स्नायू सुजून कडक झाले, तर मात्र ते साधं दुखणं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जा.

१२. माझी आई ६८ वर्षांची आहे. गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी हलक्या वजनांचा व्यायाम सांगितला आहे. तिला अमिनोचा उपयोग होईल का?

या पानावरच्या सगळ्या प्रश्नांत अमिनो सप्लिमेंटची बाजू इथेच सर्वात भक्कम आहे. वयानुसार स्नायू प्रोटीनला कमी प्रतिसाद देऊ लागतो, त्याच परिणामासाठी एका वेळी जास्त ल्युसिन लागतं. २००६ मधल्या एका प्रयोगात ज्येष्ठांना आणि तरुणांना ६.७ ग्रॅम ईएए दिलं. त्यात ल्युसिन २६ टक्के असताना तरुणांत परिणाम दिसला, ज्येष्ठांत नाही. ल्युसिन ४१ टक्के केल्यावर ज्येष्ठांतही दिसला.

ज्येष्ठांनी वजनाच्या किलोमागे निदान १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन घ्यावं असं तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे साठीनंतर बायकांचं रात्रीचं जेवण कपभर दूध आणि अर्ध्या पोळीवर येतं. तेव्हा आधी तिथे लक्ष द्या: मुगाचं धिरडं, घट्ट ताक, चालत असेल तर अंडं किंवा मऊ शिजवलेला मासा. दात आणि भूक दोन्ही साथ देत नसतील, तर दुधात अर्धा-एक स्कूप व्हे, आणि तेही पचत नसेल तर ल्युसिन जास्त असलेलं ईएए. पण आधी डॉक्टरांना विचारून आणि किडनीची तपासणी करून. व्यायाम थांबवून नुसती पावडर दिली, तर फारसं हाती लागणार नाही.

१३. ग्लुटामिन, आर्जिनिन, एचएमबी, बीटा-अलानिन, क्रिएटिन यांतलं काही कामाचं?

क्रिएटिन, हो. ते आर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिनपासून शरीरात बनतं. रोज ३ ते ५ ग्रॅम साधं मोनोहायड्रेट घेतल्यावर ताकद आणि स्नायू दोन्ही वाढतात, याचा पुरावा भक्कम आहे. बीटा-अलानिन एक ते चार मिनिटांच्या जोरकस प्रयत्नात थोडी मदत करतं, स्नायू वाढवत नाही. त्याने अंगाला मुंग्या येतात, ते धोक्याचं नाही. ग्लुटामिन बरंचसं आतड्यातच वापरलं जातं. निरोगी तरुणांना सहा आठवडे भरपूर देऊनही फरक पडला नव्हता. आर्जिनिनबद्दलही तेच. एचएमबी ल्युसिनपासूनच बनतं, पण नियमित व्यायाम करणाऱ्यांत त्याचा परिणाम नगण्य आहे.

१४. डब्यावर काय बघायचं?

एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख, आणि प्रत्येक अमिनो ॲसिड किती ग्रॅम ते वेगवेगळं लिहिलेलं. अमुक ब्लेंड म्हणून सगळ्याचा एकच आकडा दिला असेल, तर घेऊ नका.

व्हे घेताना एक फसवणूक ओळखायला शिका. प्रोटीन मोजण्याच्या रूढ पद्धतीत नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. ग्लायसिन स्वस्त आहे आणि त्यात नायट्रोजन १८.७ टक्के असतो. म्हणजे एक ग्रॅम ग्लायसिन घातलं की कागदावर १.१७ ग्रॅम प्रोटीन दिसतं. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं लिहिलेलं असेल, किंवा २५ ग्रॅम प्रोटीनमागे ल्युसिन दोन ग्रॅमच्याही खाली असेल, तर तो डबा परत ठेवा.

१५. अमिनो घेणं कोणासाठी धोक्याचं आहे? किडनी खरंच जाते का?

किडनी निरोगी असेल, तर या प्रमाणात घेतलेल्या प्रोटीनने ती खराब होत नाही. आधीच किडनीचा आजार असेल, तर डॉक्टर ठरवतील तेवढंच घ्यायचं. अडचण अशी की अनेकांना आजार असल्याचं ठाऊकच नसतं. मधुमेह, रक्तदाब किंवा घरात किडनीचा आजार असेल, तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची चाचणी) तपासून घ्या.

जन्मजात फिनाइलकीटोन्युरिया असलेल्यांना फिनाइलअलानिन चालत नाही. मेपल सिरप युरिन डिसीज असलेल्यांना बीसीएए विषासारखं आहे. नैराश्याची औषधं घेणाऱ्यांनी ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांत अमिनो ॲसिडमुळे औषधाचं शोषण कमी होतं.

१९८९ मध्ये अमेरिकेत एल-ट्रिप्टोफॅन घेणारे १५०० हून अधिक लोक स्नायूंच्या तीव्र वेदनांनी आजारी पडले आणि काही दगावले. बहुतेक प्रकरणांचा माग एकाच उत्पादकाच्या दूषित मालापर्यंत गेला. म्हणून कोणता कारखाना, कोणती बॅच, हे बघायचं.

१६. पोलीस भरतीची तयारी करतोय. घेतलं तर डोपिंगमध्ये सापडेन का?

अमिनो ॲसिड बंदी असलेल्या यादीत नाहीत. भीती आहे ती डब्यात न सांगता मिसळलेल्या उत्तेजकांची किंवा स्टेरॉइडची. नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) चाचणीला सामोऱ्या जाणाऱ्या खेळाडूला डब्यात काय होतं हे मला माहीत नव्हतं, असं म्हणून सुटता येत नाही. त्याने बॅचनिहाय तपासलेलंच उत्पादन घ्यावं. भरतीत १६०० मीटर आणि १०० मीटर धावायचं आहे, गोळा फेकायचा आहे. त्यात अमिनोने एकही गुण वाढणार नाही, धावण्याचा सराव आणि झोप यांनी वाढतील.

१७. मुलगा सोळा वर्षांचा आहे, जिमवाले दादा घ्यायला सांगतात.

नको. त्या वयात भूक चांगली असते, शरीर वाढत असतं, जेवणातूनच सगळं मिळतं. त्याला दुधाचा पेला आणि दोन अंडी वाढवा, आणि वजन उचलण्याची पद्धत नीट शिकवणारा माणूस शोधा. चेहऱ्यावर अचानक खूप मुरमं आली, चिडचिड वाढली, शरीर झपाट्याने फुगलं, तर त्याच्याशी शांतपणे बोला. अमिनोच्या नावाखाली दुसरंच काही हातात दिलेलं असू शकतं.

१८. डबा आधीच घेतलाय, सील फोडलंय. आता काय करू?

प्रश्न १५ मधलं काही तुम्हाला लागू नसेल, तर टाकू नका. जेवणात डाळ-भात किंवा पोळी-भाजीच असेल, प्रोटीन कमी असेल, अशा वेळी तो जेवणासोबतच घ्या. तिथे बाकीची अमिनो ॲसिड ताटातून येतात आणि ल्युसिनची थोडी भर पडते. रिकाम्या पोटी घेण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. चव कडू लागते, लिंबू पिळा. पुढच्या महिन्यात त्या पैशांचं दूध, अंडी, चंक्स आणा, आणि तेही जमत नसेल तर साधं व्हे.